तीनशे चार घास

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं. टण्ण!

एरवी अशा आवाजाची कुणी दखल घेत नाही. पण त्या वेळी बाहेरच्या खोलीत जी शांतता होती ती काही एका घरातली नव्हती. नऊ घरांतून गोळा होऊन ती विनिताच्या मोबाईलमध्ये उतरली होती. तांदळाचा डबा, त्यावर उभा पोळपाट, पोळपाटाला टेकवलेला मोबाईल, असा वर्ग मांडून विनिताने विचारलं होतं, "सांगा बरं, पावसाळ्यात कोणकोणते प्राणी दिसतात?" त्याला दीड मिनिट होऊन गेलं होतं. पडद्यावरच्या नऊ चौकोनांपैकी एकात नुसता पंखा फिरत होता. एकात ऋतुराज झोपला होता आणि त्याच्या मागे त्याच्या आजोबांची बनियन दिसत होती. बाकीची मुलं दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत होती. पाच वर्षांच्या तोंडावर तो चेहरा बघवत नसे.

तेवढ्यात हे झाकण. विनिताची स्वतःची चार वर्षांची मैथिली ओट्याखाली बसून डब्यातले शेंगदाणे संपवत होती, तिच्या हातून ते निसटलं. विनिता ओरडणार, एवढ्यात पंख्याच्या जागी एक डोकं आलं. कोपऱ्यातला आर्यन ताठ बसला. आणि झोपलेल्या ऋतुराजने डोळे न उघडताच विचारलं, "ताई, मधली सुट्टी झाली?"

महिनाभरात वर्गातून आलेला तो पहिला आपणहून विचारलेला प्रश्न होता.

विनिता ज्या शाळेत शिकवत होती तिथे मोठ्या शिशूच्या दोन तुकड्या, अ आणि ब. ब तुकडी विनिताताईंची. मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा मुलं लहान शिशूत होती आणि चोवीस होती. जूनमध्ये ती मोठ्या शिशूत गेली, म्हणजे कुठेच गेली नाहीत, आपापल्या घरातच बसली, आणि मोबाईलवर रोज नऊ उगवायला लागली. झाकण पडलं त्याच आठवड्यात मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिका हेमाबाईंचा फोन येऊन गेला होता. हेमाबाई वाईट बातमी फार मऊ आवाजात देत. "विनिता, संस्थेचं म्हणणं असं पडलंय की जुलैअखेर ज्या तुकडीची सरासरी पंधराच्या खाली असेल ती दुसरीत मिसळायची. आणि त्या ताईंना..." इथे त्या थांबल्या. "त्या ताईंना पुढे कळवू."

'पुढे कळवू' म्हणजे काय हे शिशुवर्गातल्या ताईला कळतं. ते मागे वळून कधीच कुणी कळवत नाही.

तेव्हा झाकण पडलं हे बरं झालं म्हणायचं. विनिताला त्या दिवशी तरी तसंच वाटलं.

शाळा शाळेत भरत होती तेव्हा तिच्या वर्गात अंगतपंगत असे. हिरव्या सतरंजीवर गोल करून बसायचं, डबे उघडायचे, आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात न घालता शेजाऱ्याच्या झाकणात ठेवायचा. ही झाकणाची रीत विनिताची स्वतःची. एखादं मूल डबा विसरून यायचं. कुणाची आई आजारी असायची, कुणाच्या घरी सकाळी भांडण झालेलं असायचं. त्या मुलाने सगळ्यांसमोर 'माझा डबा नाही' असं म्हणायचं नाही, रडायचं नाही आणि इतरांनी विचारायचं नाही. त्याने नुसतं झाकण पुढे करायचं. दोन मिनिटांत त्या झाकणात पोळीभाजी, उपमा, अर्धा लाडू, द्राक्षं असा काही थाट जमायचा की डबा आणलेली मुलं हेव्याने बघायची. हातात डी.एड.चं प्रमाणपत्र असूनही विनिताला मनातून त्याच्यापेक्षा या झाकणाचाच अभिमान जास्त होता.

दुसऱ्या दिवशी तिने पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं : 'उद्यापासून दहा वाजून वीस मिनिटांनी ऑनलाइन अंगतपंगत. डबा घेऊन बसवावे.' आणि झाकणाच्या रीतीचं काय करायचं, यावर भाजी निवडता निवडता तिला जे सुचलं त्यावर ती स्वतःच खूश झाली. पहिला घास कॅमेऱ्याला द्यायचा. ताई विचारणार, "पोचला?" आणि सगळ्यांनी झाकण वर धरून ओरडायचं, "पोचला!"

पहिल्या दिवशी चौदा मुलं आली. ऋतुराजने घास द्यायचा म्हणून पोहे खरोखरच मोबाईलवर थापले, त्यामुळे पुढचे दोन दिवस तो पिवळा दिसत होता. तिसऱ्या दिवशी सतरा. नील तर आजोळी ठाण्याला वर्तकनगरला अडकला होता, एकदाही वर्गात आला नव्हता, तोही हजर. आणि चौथ्या दिवशी शिवानी आली.

शिवानी म्हणजे सहदेवकाकांची मुलगी. सहदेवकाका शाळेची व्हॅन चालवायचे. अर्धा वर्ग त्यांच्याच व्हॅनमधून यायचा, त्यामुळे वर्गातल्या मुलांना आपल्या सख्ख्या काकांपेक्षा हे काका जास्त ओळखीचे. आता शाळा नाही, तर व्हॅन नाही. सहदेवकाकांनी मागच्या सीट काढल्या, भाजी भरली आणि पहाटे कल्याणच्या बाजारातून माल उचलून आंबिवलीकडे विकायला लागले. घरात फोन एकच, तो त्यांच्याजवळ. म्हणून शिवानी व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून शाळा करायची. तिच्या चौकोनात तिच्या मागे फ्लॉवरचे गड्डे दिसत आणि वर्गात मधूनच "कांदा, बटाटाऽ, मेथी घ्या मेथीऽ" असा आवाज घुमे.

"सहदेवकाका, जरा म्यूट करता का?" विनिता म्हणाली.

"मला करताय का फोनला, ताई?" सहदेवकाकांनी बाहेरून विचारलं. वर्ग हसला. शिवानी पण हसली आणि तिने तिचं स्टीलचं झाकण वर धरलं. "पोचला!" ती सगळ्यांत मोठ्याने ओरडली.

गुणी पोर, विनिताला वाटलं. व्हॅनमध्ये बसून येते, पण उत्साह बघा.

मध्यमवर्गीय घरात एखादी गोष्ट चांगली चालली आहे असा वास यायचा अवकाश, की शेजारी सल्ला घेऊन येतोच. तिसऱ्या मजल्यावर महिपतकाका राहत. जिल्हा परिषदेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. बाल्कनीत उभे राहून ते विनिताचा पूर्ण वर्ग ऐकत आणि संध्याकाळी जिन्यात, सहा फुटांचं अंतर राखून, अभिप्राय देत.

"विनिता, तू जे चालवलं आहेस ते उत्तमच आहे," ते मास्कच्या आतून म्हणाले. "प्रश्न एवढाच, की ते कागदावर आहे का?"

"काका, मुलं डबा खातात. त्यात कागदावर काय आणायचं?"

"उद्या एखाद्याच्या घशात घास अडकला. जबाबदार कोण? शाळा म्हणेल, आमचा डबा नव्हे. पालक म्हणतील, आमची सुट्टी नव्हे. मधल्यामध्ये कोण?" त्यांनी फार दयेने तिच्याकडे पाहिलं. "मी एक मसुदा करून देतो."

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला चौदा कलमांची 'ऑनलाइन मधली सुट्टी नियमावली' अडकवलेली होती. कलम तीन : घास डोळ्यांस दिसेल इतका असावा, परंतु गिळण्यास अडचण होईल इतका नसावा. कलम अकरा : पेय पदार्थ घास समजण्यात येणार नाहीत. खाली 'स्थळप्रत माझ्याकडे' अशी नोंद. विनिताने ती घडी घालून रव्याच्या डब्याखाली ठेवली. ती तिथेच राहती तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पण आधी आयांचं झालं. डबा ही आजवर झाकलेली वस्तू होती. कुणाच्या डब्यात शिळी पोळी आहे हे फक्त ताईला माहीत असे आणि ताई ते कुणाला सांगत नसे. आता रोज सकाळी दहा वीसला प्रत्येकीचं स्वयंपाकघर सतरा घरांत उघडं पडायला लागलं. नीलची आई मधु हिने सुरुवात केली. एके दिवशी इडली. दुसऱ्या दिवशी त्याच इडलीला मिऱ्याचे डोळे लावून अस्वल. सोमवारी बीटाच्या पुरीचा किल्ला, त्यावर गाजराचा झेंडा. नील तो किल्ला खात नसे. तो खायचा नव्हताच. त्या संध्याकाळी गटावर कोणीतरी लिहिलं, 'काहीजणींना घरात दुसरं काम नसतं.' मधुने उत्तरादाखल हसणारा चेहरा टाकला. व्हॉट्सॲपवरचा हसणारा चेहरा किती घातक असू शकतो हे विनिताला त्या दिवशी कळलं. रात्रीच्या वरणभातापर्यंत सहा आया गट सोडून गेल्या आणि परत आल्या.

मग संकष्टी आली. आर्यनचं घर इथल्या मूळ गावकऱ्यांचं, त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट मासळी. घास देताना त्याने तो कॅमेऱ्याला इतका जवळ धरला की बघणाऱ्याला वास यावा. ऋतुराज म्हणाला, "मला पण ते पाहिजे." पाचव्या मिनिटाला बनियनवाल्या आजोबांचा संदेश आला : 'आज चतुर्थी आहे याचे संबंधितांनी भान ठेवावे.' त्याला आर्यनच्या आजीने, शेवंतीआजींनी, लिहून उत्तर दिलं नाही. त्यांनी आवाज पाठवला.

"आमचे घरान मावरं शिजतं, बाबा. पोराचे डब्यान काय मंग दुसऱ्याचा बटाटा घालू? तुमचा उपास हाय त तुम्ही डोळं मिटा की!"

हा आवाज विनिताने तीनदा ऐकला. दोनदा घाबरून आणि एकदा हसून. तिसऱ्या वेळी सर्वेश, तिचा नवरा, एमआयडीसीतल्या कंपनीतून येऊन दारातच कपडे बदलत होता. "तुझी शाळा आहे की खानावळ?" तो म्हणाला. "आणि आपल्याला काय आहे आज?" आपल्याला वर्गात दाखवून झालेल्या मैथिलीच्या डब्यातलं उरलेलं होतं. ते काही दिवस सर्वेश रोज तेच जेवत होता, पण बिचारा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी हेमाबाईंचा मऊ आवाज. "विनिता, तक्रारी आल्या आहेत. अंगतपंगत बंद..."

 अंगतपंगत बंद म्हणजे परत नऊ चौकोन. नऊ चौकोन म्हणजे पुढे कळवू. आणि त्या भीतीत ती जे बोलली ते तिने बोलायला नको होतं.

"बाई, नियमावली आहे. लेखी."

रव्याचा डबा उचलून तिने चौदा कलमांचा फोटो काढला आणि पाठवला. तासाभराने हेमाबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मऊ नव्हता, भारावलेला होता. संस्थेच्या कार्याध्यक्षांना, बाबुरावसाहेबांना, नियमावली फार आवडली होती. दोन्ही तुकड्यांत लागू करायची असं ठरलं होतं. वर त्यांनी स्वतः भर घातली होती : सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी थालीपीठ, गुरुवारी शेवया, शुक्रवारी शिरा. सर्वांना एकच, म्हणजे कुणाची तक्रार नको. आणि रोज एक ऑनलाइन फॉर्म. त्यात मुलाचं नाव, डब्याचा फोटो (अनिवार्य), आणि शेवटी एक प्रश्न.

'घास पोचला का? होय / नाही.'

"फोटो नसेल तर गैरहजर धरायचं," हेमाबाई म्हणाल्या. "बाबुरावसाहेब म्हणतात, पुरावा पाहिजे. अगं, महिनाअखेरीस ते स्वतः वर्गावर येणारेत. तुझं नाव घेतलं त्यांनी!"

महिपतकाकांना ही बातमी समजली तेव्हा ते जिन्यात क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा मसुदा जसाच्या तसा कुणी मान्य केला नव्हता.

तर अशा रीतीने विनिता मोठ्या शिशूची ताई होती ती डब्यांची तपासनीस झाली. सकाळी नऊपासून फोटो यायला लागत. ती प्रत्येक फोटो उघडून बघे, पोहे आहेत ना, उपमा नाही ना, आणि वर्ग संपला की मैथिलीला मांडीवर घेऊन फॉर्म भरत बसे. घास पोचला का? होय. घास पोचला का? होय. मैथिली विचारायची, "आई, तू माझ्याशी कधी खेळणार?" "हे सोळा झाले की." सोळा व्हायचे, तोवर मैथिली झोपलेली असायची. तिच्या हातात बाहुली आणि बाहुलीच्या तोंडाशी धरलेलं बाटलीचं बूच असे. घास देता देता झोप लागलेली. हे बघून विनिताला रडू यायचं आणि मग रडण्यात वेळ गेला म्हणून राग यायचा.

फॉर्म सुरू झाल्यापासून तीन दिवस शिवानी गैरहजर होती. म्हणजे हजर असायची, फ्लॉवरच्या गड्ड्यांसमोर झाकण धरून ओरडायची. पण फोटो नाही, म्हणून कागदावर गैरहजर. चौथ्या दिवशी सरासरी बरोब्बर पंधरावर आली. विनिताने सहदेवकाकांना फोन लावला.

"काका, शिवानीच्या डब्याचा फोटो येत नाहीये."

पलीकडे कुणीतरी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करत होतं. मग सहदेवकाका म्हणाले, "ताई, त्याचं असं झालं ना... हिची मम्मी मार्चमध्ये गावाला गेलेली, तिकडेच अडकली. आम्ही दोघं आंबिवलीला भावाकडे. पहाटे चारला निघतो आम्ही. त्या टायमाला वहिनीला उठवून डबा कर म्हणायचं, बरं नाही दिसत. आधीच सहा माणसं त्या घरात. आम्ही एकला जातो ना घरी, तेव्हा जेवते ती पोटभर. टेन्शन नाय घ्यायचं, ताई."

इथे विनिताने पुष्कळ काही बोलायला हवं होतं. नंतर तिने ते मनात कितीतरी वेळा बोलून पाहिलं, भांडी घासताना, वेणी घालताना. पण त्या वेळी तिच्या डोळ्यासमोर फॉर्म होता आणि मऊ आवाजातलं ते 'पुढे कळवू' होतं. आणि सहदेवकाका स्वतःच म्हणत होते ना, टेन्शन घ्यायचं नाही.

"तसं काही नाही हो काका," ती म्हणाली. "नुसता फोटो पाठवा. कुठला का असेना. हजेरी लागते तेवढी."

"कुठला का असेना?"

"हो."

सोमवारी सकाळी नऊ पाचला फोटो आला. स्टीलचा डबा, पोहे, वर कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. पोह्यांचाच वार होता. विनिताने सुटकेचा श्वास टाकला. मंगळवारी उपम्याच्या दिवशी पुन्हा पोहे. तिने दुर्लक्ष केलं. बुधवारी थालिपिठाच्या दिवशी पोहे आले, तेव्हा तिने फोटो मोठा करून पाहिला. तीच कोथिंबीर, तीच फोड. डब्याच्या खाली हिरवं काहीतरी दिसत होतं. व्हॅनच्या सीटचं रेक्झिन काळं आहे हे तिला माहीत होतं.

ती हिरवी सतरंजी होती. वर्गातली. फेब्रुवारीत अंगतपंगत चालू असताना विनितानेच तो फोटो काढला होता आणि गटावर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'शिवानीचा डबा, आईच्या हातचे पोहे. छान!'

 आपण फॉर्मसाठी डबा मागितला, तर त्या माणसाने सगळा फोन धुंडाळून पोरीच्या आईने केलेला शेवटचा डबा काढून दिला होता. फार प्रामाणिकपणे, रोज नऊ पाचला.

घास पोचला का?

तिने 'होय' वर बोट ठेवलं. उद्या सहदेवकाकांशी बोलायचं असं ठरवलं. उद्या फॉर्म उघडेना. परवा सर्वेशच्या कंपनीत कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं आणि सर्वेश चौदा दिवसांसाठी आतल्या खोलीत गेला. त्याचं ताट दाराशी सरकवायचं काम वाढलं. तेरवा तिने एका पिशवीत लाडू भरले आणि ती पिशवी आंबिवलीला कशी पोचवायची याचा विचार करत राहिली. इमारतीच्या फाटकाला बांबू लागलेले. मैथिलीने त्यातले दोन लाडू खाल्ले, मग बाकीचेही. असा जुलै संपला.

शेवटच्या शुक्रवारी बाबुरावसाहेब वर्गावर आले.

सकाळपासून विनिताची तारांबळ. तांदळाच्या डब्यावर इस्त्रीची चादर टाकली. मागच्या भिंतीवरचा ओला टॉवेल काढला, तिथे महिपतकाकांनी वरून दोरीने सोडलेली शाल अडकवली. त्यांच्या मते शासकीय पाहुण्यांना पार्श्वभूमी लागते. आतून सर्वेश खोकला की सगळ्यांचे कान टवकारत, म्हणून त्याला दहा ते अकरा खोकायला बंदी. मैथिलीला मांडीवर बसवलं. एकवीस मुलं आली. महिन्यातला उच्चांक. प्रत्येकाच्या डब्यात शिरा. मधुचा शिरा मोदकाच्या आकाराचा, शेवंतीआजींचा गुळाचा. बनियनवाले आजोबा आज सदरा घालून बसले होते.

बाबुरावसाहेबांनी मोबाईल असा धरला होता की त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. शेवटपर्यंत वर्गाने त्यांचं कपाळच पाहिलं. पण कपाळावर आनंद दिसू शकतो.

घास झाले. "पोचला?" विनिताने विचारलं. "पोचला!" एकवीस आवाज आले. एका चौकोनात, फ्लॉवरऐवजी आज दुधी भोपळ्यांसमोर, शिवानीने दोन्ही हातांनी झाकण वर धरलं होतं. विनिताने पटकन दुसऱ्या चौकोनाकडे पाहिलं. अलीकडे तिला ते जमायला लागलं होतं.

"उत्तम!" कपाळ म्हणालं. "मुलांनो, ताईंनी भरलेले फॉर्म मी स्वतः पाहिले. तुम्हाला माहीत आहे, या महिन्यात तुमच्या तुकडीने एकमेकांना किती घास दिले? तीनशे चार! आणि किती पोचले? तीनशे चार! एकही घास वाया गेला नाही. याला म्हणतात शिक्षण. हेमाबाई, ही तुकडी बंद करायचा प्रश्नच येत नाही."

हेमाबाईंनी टाळ्या वाजवल्या. सदऱ्यातल्या आजोबांनी वाजवल्या. वरच्या बाल्कनीतून एकट्या महिपतकाकांच्या टाळ्या आल्या. विनिताला एकदम हलकं हलकं वाटलं. महिनाभर छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलावा तसं. तुकडी राहिली. आपण राहिलो. आज संध्याकाळी मैथिलीशी खेळायचं, आणि उद्या, उद्या नक्की, काहीही करून आंबिवलीला...

"ताई."

शिवानी होती. मोबाईलच्या अगदी जवळ आली होती, चौकोनात आता नाक, डोळे आणि झाकण एवढंच.

"बोल, शिवानी," हेमाबाईच आधी म्हणाल्या. "साहेबांना काही सांगायचंय?"

"नाही. ताईंना विचारायचंय." तिने झाकण कॅमेऱ्यासमोर आडवं धरलं, आतली बाजू सगळ्यांना दिसेल असं. चकचकीत होतं. त्यात फोनचा उजेड तेवढा पडला होता. "मी रोज झाकण पुढे करते, ताई. डबा नाही असं म्हणत नाही, रडत पण नाही. पण माझ्यात येत नाही. पप्पा बोलतात, आपल्या फोनला रेंज कमी आहे म्हणून घास राहतात मागे. म्हणून मी आज पप्पांना सांगितलं, टॉवरच्या खाली गाडी लाव."

बाहेर कुणीतरी दुधीचा भाव विचारत होतं. सहदेवकाका उत्तर देत नव्हते.

शिवानीने झाकण फोनवर हलकेच आपटून पाहिलं, अडकलेलं काही पडतंय का म्हणून. टण्. ओट्याजवळच्या एका आवाजाने महिन्यापूर्वी सगळा वर्ग जागा झाला होता. आताही सगळे जागेच होते. एकवीस चौकोनांतलं कुणी हललं नाही. कपाळसुद्धा नाही.

मैथिलीने मांडीवरून वर, आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिलाही ते ऐकायचं होतं.

"ताई," शिवानी म्हणाली, "ते साहेब बोलले ना, तीनशे चार पोचले. मग ते कुठे गेले?"